सामान हललं, पत्ता तोच

नाशिकमध्ये घर बदलण्यातलं निम्मं काम पत्ता बदलण्याचं. पंचवटीतल्या वाड्यातून कुणी पाथर्डी फाट्याला गेलं की गॅसवाला, बँक, आधार, शाळेची रिक्षा, झालंच तर लग्नपत्रिका धाडणारे सगळे नातेवाईक, एकेकाला कळवत बसायचं. तरी वर्षा-दोन वर्षांनी जुन्या वाड्यातल्या काकूंचा फोन येतोच, "अगं, तुमची पत्रिका इकडेच आलीय." माझ्या सर्व्हरवर मात्र मेमरीच्या लाखो पेजेसचं (म्हणजे छोट्या तुकड्यांचं) बिऱ्हाड भरदिवसा हलतं आणि ज्याचं बिऱ्हाड त्यालाच पत्ता लागत नाही.

मी अंबडला एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळते. मशीन बाहेरून एकच दिसतं, पण आत दोन प्रोसेसर आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याची त्याची रॅम. अशा एका जोडीला नोड म्हणतात. शून्य नंबरचा नोड पंचवटी धरा, एक नंबरचा म्हणजे गोदावरीच्या अलीकडचं नाशिक, आणि मधे होळकर पूल. पलीकडची रॅम सगळ्यांनाच वापरता येते, फक्त वेळ जास्त लागतो. 'न्यूमा-सीटीएल' या कमांडला विचारलं तर ते अंतरांचा तक्ता दाखवतं: स्वतःच्या नोडचं १०, पलीकडच्याचं बहुतेक वेळा २० किंवा २१. हे आकडे फर्मवेअरने (मशीनमध्येच भरलेल्या प्रोग्रामने) सांगितलेले असतात, त्यांना एकक नाही. साधारण दुप्पट लांब, एवढंच समजायचं. (नाशिककराला हे समजावायला नको. द्वारकेच्या चौकात अडकलेला माणूस अंतर किलोमीटरमध्ये सांगतच नाही.)

सामान मुळात चुकीच्या काठावर पडतं कसं? प्रोग्रामने मेमरी मागितली की लिनक्स, म्हणजे सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम, नुसती मान डोलावतं. प्रत्यक्ष रॅम मिळते ती तो तिला पहिल्यांदा हात लावतो तेव्हा, आणि त्या क्षणी तो ज्या नोडवर चालू असेल तिथली. डेटाबेस सुरू होताना पुष्कळदा एकच थ्रेड (प्रोग्रामच्या कामाचा एक धागा) उठतो आणि सगळा बफर, म्हणजे डेटा हाताशी ठेवायची मेमरी, झाडून-पुसून तयार करतो. तो पंचवटीत असला की सगळं सामान पंचवटीत. मागून येणारे निम्मे थ्रेड कामाला बसतात अलीकडे आणि दिवसभर पुलावरून येरझाऱ्या घालतात. प्रोसेसर तर ऐंशी-नव्वद टक्के गुंतलेला दिसतो, कारण वाट बघणंही तो कामातच धरतो!

यावर 'मायग्रेट-पेजेस' नावाची कमांड आहे. प्रोसेसचा (म्हणजे चालू प्रोग्रामचा) नंबर, कुठून, कुठे, बस. तिच्या मागची सोय लिनक्सच्या २.६.१६ आवृत्तीत, २००६ साली आली. सिलिकॉन ग्राफिक्समधल्या क्रिस्टोफ लॅमेटर यांचा त्यात मोठा वाटा. त्या कंपनीच्या मशीनमध्ये प्रोसेसर शेकड्यांनी. तिथे दोन काठांवर भागायचं नाही, त्र्यंबकपासून राजमहेंद्रीपर्यंत घाटच घाट.

हलवण्याची रीत मला फार आवडते. एक पेज ४ केबीचं, म्हणजे ६४ जीबी न्यायची तर १,६७,७७,२१६ पेजेस. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नव्या नोडवर रिकामी जागा घेतं, पेज टेबलातली (कुठलं पेज रॅममध्ये कुठे आहे त्या वहीतली) जुनी नोंद काढून तिथे 'स्थलांतर चालू' अशी खूण ठेवतं, मजकूर उतरवून घेतं, नव्या जागेची नोंद करतं आणि जुनी जागा मोकळी करतं. नेमकं त्याच वेळी प्रोसेसला ते पेज हवं झालं तर तिला क्षणभर दारात थोपवतात. आत सोडतात तेव्हा सगळं जागच्या जागी, कारण तिच्याकडे असतो तो आभासी पत्ता (रॅममधली खरी जागा त्यावरून पेज टेबल शोधून देतं), आणि त्याला कुणी हात लावलेलाच नसतो.

काही सामान मात्र मागे राहतं. सी लायब्ररी, म्हणजे बहुतेक प्रोग्रामना लागणारा तयार कोड, तिच्यासारखी पेजेस अनेक प्रोसेस मिळून वापरतात. ती वाड्यातली सामाईक विहीर, साध्या युजरला उचलू देत नाहीत. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) असाल तर तीही टेम्पोत चढते आणि शेजारी पाण्याला लांब जातात. नेटवर्क कार्डाने वगैरे जखडून ठेवलेली पेजेस तर रूटलाही दाद देत नाहीत. काय राहिलं हे कमांड सांगत नाही, काम झालं की गप्प. म्हणून मागोमाग 'न्यूमास्टॅट' चालवून कुठल्या नोडवर किती एमबी आहे ते बघायचंच.

माझं मत विचाराल तर प्रोसेस लहान असेल तेव्हा सामानाच्या वाटेला जाऊच नये. 'टास्कसेट' ही प्रोसेसला ठरावीक प्रोसेसरशी बांधणारी कमांड लावून तिलाच पंचवटीत राहायला पाठवावं. सामान हलवलंत तरी हे बंधन लागतंच, नाहीतर शेड्युलर (कोण कुठल्या प्रोसेसरवर चालेल ते ठरवणारा) तिला दुसऱ्या काठावर पाठवून मोकळा.

२०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून कर्नल सामान हलवण्याचं काम आपणहून करू शकतं, आणि त्याची युक्ती चहाटळ आहे. ते अधूनमधून पेजेसना मुद्दाम कुलूप घालतं आणि कुठल्या काठावरून कोण दार वाजवतंय ते बघतं. एकदा वाजवून सहसा भागत नाही. लागोपाठ दोनदा त्याच काठावरून वाजलं तरच सामान निघतं. साध्या कामाला हे छान. पण एकच पेज दोन्हीकडचे थ्रेड वाजवत असतील तर नुसत्या कुलूप-किल्ल्यांतच वेळ जातो. म्हणून डेटाबेसच्या मशीनवर मी ते बंद ठेवते आणि सुरुवातीलाच इंटरलीव्ह लावते: एक पेज या काठावर, पुढचं त्या. पुलावरच्या फेऱ्या मग सगळ्यांच्याच वाट्याला सारख्या. आमच्या डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, हे अजून पटलेलं नाही. त्याला सगळा बफर एकाच नोडवर हवाय, आणि त्या नोडवर तेवढी रॅमच नाही.