पुरावा मिळाल्यानंतरचा पैसा

मुंबईतल्या परळ ते शिवडी या लहानशा पट्ट्यात केईएम रुग्णालय, टाटा कर्करोग रुग्णालय, हाफकिन संस्था आणि क्षयरोग रुग्णालय अशा चार संस्था आहेत आणि चारही सार्वजनिक पैशावर चालतात. केईएम आणि क्षयरोग रुग्णालय महापालिकेचे, हाफकिन राज्य सरकारचे, आणि टाटा तर केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचे. याच भागात राहत असल्यामुळे आरोग्यावरच्या सरकारी खर्चाचा विचार मला टाळता येत नाही, आणि त्या विचारातून एक मत पक्के झाले आहे. आरोग्य संशोधनाला आपल्याकडे पैसा कमी मिळतो, हे खरेच आहे. पण रोग टाळणारा एखादा उपाय संशोधनातून सिद्ध झाल्यावर तो घरोघरी पोहोचवण्याच्या टप्प्यासाठी कोणत्याच खात्याने पैसा राखून ठेवलेला नसतो, ही त्याहून गंभीर गोष्ट आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईतलेच आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी अगदी साध्या साधनांनी होऊ शकते का, हे पाहण्यासाठी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक दीर्घ चाचणी घेतली. वस्त्यांचे वीस गट केले. त्यांपैकी दहा गटांतल्या ३५ ते ६४ वयाच्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली, तर उरलेल्या दहा गटांना फक्त आरोग्यशिक्षण मिळाले. दोन्हीकडे मिळून सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. व्हिनेगरमध्ये असते ते अॅसेटिक आम्ल पातळ करून गर्भाशयमुखावर लावायचे, मिनिटभर थांबायचे, आणि पांढरट डाग उमटला तर त्या स्त्रीला पुढील तपासणीसाठी पाठवायचे, एवढीच ही पद्धत. प्रयोगशाळा लागत नाही आणि अहवालासाठी पुन्हा खेपही घालावी लागत नाही. बारा वर्षांच्या निरीक्षणानंतर २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. ही पद्धत देशभर राबवली तर भारतात दरवर्षी सुमारे २२,००० मृत्यू टळू शकतील, असा संशोधकांचा अंदाज होता.

फक्त आरोग्यशिक्षण मिळालेल्या, म्हणजे नियंत्रण गटातल्या, स्त्रियांना इतकी वर्षे तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती रास्त होती असे मला वाटते. पण ती टीका मान्य केली की आपली जबाबदारी आणखी वाढते, कारण ज्या पुराव्यासाठी या शहरातल्या गरीब स्त्रियांनी एवढी किंमत मोजली, तो पुरावा नुसता शोधनिबंधात राहू देणे अधिक अन्यायाचे आहे. प्रत्यक्षात काय घडले? २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांची या कर्करोगासाठी एकदा तरी तपासणी झाली आहे, त्यांचे प्रमाण देशात १.९ टक्के निघाले. आणखी एक गोष्ट मला खुपते. मुंबईच्या वस्त्यांत झालेल्या या चाचणीला पैसा दिला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने. आपल्या स्त्रियांच्या जिवाशी निगडित असलेला प्रश्न दुसऱ्या देशाच्या करदात्यांना महत्त्वाचा वाटला, आणि त्याचे उत्तर हाती आल्यावर ते वापरायला मात्र आपल्याकडे तरतूद नव्हती.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाला सुमारे ९९,८५९ कोटी रुपये मिळाले आणि त्यांतले सुमारे ३,९०१ कोटी आरोग्य संशोधन विभागाच्या वाट्याला आले, म्हणजे शंभरांतले चार रुपये. रुग्णालयातल्या उपचारांचा खर्च भागवणाऱ्या आयुष्मान भारत जनआरोग्य योजनेसाठी त्याच वर्षी ९,४०६ कोटींची तरतूद होती. ही योजना नको, असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्याच्या घरात आज आजार आहे, त्याला आजच खाट हवी आहे, आणि टाटाच्या आसपासच्या पदपथांवर मुक्काम करणारी रुग्णांची कुटुंबे पाहिल्यावर खाटांचा पैसा कमी करा असे म्हणायची माझी तरी छाती होत नाही. पण २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक निधी प्राथमिक आरोग्यसेवेला द्यावा असे म्हटले होते, आणि रोगप्रतिबंधाची बहुतेक कामे याच पातळीवर होत असल्यामुळे त्या धोरणाची आठवण सरकारला करून देणे भाग आहे.

प्रतिबंधाच्या नावाखाली होणारा प्रत्येक खर्च योग्य असतो, असेही मी मानत नाही. त्याच मुंबईच्या चाचणीत आरोग्यसेविकांनी स्त्रियांच्या स्तनांची हाताने तपासणीही केली होती. वीस वर्षांच्या निरीक्षणानंतर २०२१ मध्ये आलेला निष्कर्ष संमिश्र होता: कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडले, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, पण त्याहून लहान वयात तसा लाभ दिसला नाही. हे कळायला वीस वर्षे लागली. निवडणुकीच्या आसपास चौकाचौकांत मंडप घालून होणाऱ्या तपासणी शिबिरांत मात्र कोणत्या वयाच्या व्यक्तीची कोणती तपासणी उपयोगी आहे आणि दोष आढळलेल्या माणसाचा पाठपुरावा कोण करणार, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. दोन-तीन वर्षांत संपणाऱ्या प्रकल्पांना अनुदान देण्याऐवजी पंधरा-वीस वर्षांच्या निरीक्षणाला निधीची हमी देणे म्हणूनच गरजेचे आहे.

क्षयरोगाच्या बाबतीत गोष्ट थोडी पुढे गेली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पैशातून झारखंडमध्ये झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांना शिधा दोन्ही गटांत मिळत होता, पण एका गटात रुग्णाच्या घरच्यांनाही माणशी दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्मपोषक गोळ्या दिल्या गेल्या. त्या घरांतल्या नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. हा भारतीय पैशातून, भारतीय प्रश्नावर, भारतीय घरांत झालेला अभ्यास आहे, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, कुटुंबीयांच्या शिध्याचाही निर्णय झाला. परंतु कुटुंबीयांचा हा शिधा ‘निक्षय मित्र’ म्हणून पुढे येणाऱ्या दात्यांवर सोपवला गेला. सिद्ध झालेली लस आपण वर्गणीच्या भरवशावर सोडत नाही. मग सिद्ध झालेली डाळ का सोडावी?

मुंबईत या प्रश्नाला घरांचीही बाजू आहे. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ मध्ये मांडला. इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर, खालच्या मजल्यांवर न पोहोचणारे ऊन आणि क्षयरोग यांचा संबंध त्यात दाखवला होता. त्याला निधी मिळाला तो आरोग्य खात्याकडून नव्हे, तर एमएमआरडीए या मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाच्या पर्यावरण सोसायटीकडून. इमारतींचे नियम नगरविकास खात्याचे, औषधे आरोग्य खात्याची, धान्य पुरवठा खात्याचे. त्यामुळे निष्कर्ष कितीही स्पष्ट असला तरी त्यासाठी खर्च करणे हे आपलेच काम आहे असे कोणत्याच खात्याला वाटत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर याच शहरात हाफकिन यांची लस तयार झाली आणि १८९८ मध्ये दाट वस्त्यांत हवा-उजेड आणण्यासाठी सुधारणा ट्रस्टही स्थापन झाला. ट्रस्टने अनेक गरिबांना बेघर केले, हे विसरता येत नाही. पण घर आणि रोग यांचा विचार एकत्र करावा लागतो, हे सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारला मान्य होते.

माझी मागणी नेमकी आहे. रोगप्रतिबंधाच्या कोणत्याही मोठ्या चाचणीला सार्वजनिक निधी मंजूर करतानाच, ती यशस्वी ठरली तर पुढचा खर्च केंद्र, राज्य की महापालिका यांपैकी कोण आणि कोणत्या लेखाशीर्षातून करणार, हे लेखी ठरवून घ्यावे. त्या खर्चात आरोग्यसेविकांच्या नियमित पगाराचा समावेश असावा, कारण आज मुंबईत हे काम करणाऱ्या बायका मानधनावर राबतात आणि तेवढ्यासाठीही त्यांना वेळोवेळी आझाद मैदानात बसावे लागते.