नारिंगी ठिपका

परभणीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेला बाप सकाळी साडेसातला आमच्या लॅबच्या पायरीवर बसला होता. मांडीवर थर्माकोलचा डबा, आणि पडू नये म्हणून त्याला दोन्ही हातांचा वेढा. डब्यात बर्फ नव्हता हे बघून मला आधी बरं वाटलं. आमच्याकडे निम्म्या वेळा रक्त बर्फात गोठून येतं, नाहीतर जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधून येतं. मग फोन करून सांगायचं, की बाबांनो, आम्हाला पेशी मोजायच्या नसतात, वाढवायच्या असतात. त्या जिवंत पाठवा, हिरव्या झाकणात, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनमध्ये. फोन करणारी मी आणि "मग आधी नाही का सांगायचं?" हे ऐकून घेणारीही मीच.

या वेळी दोन्ही ट्यूब हिरव्या होत्या. एक आठ वर्षांच्या मुलाची, दुसरी त्याच्या बारा वर्षांच्या बहिणीची. मुलाच्या रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी घसरल्या होत्या, उजव्या हाताला अंगठा नव्हता, आणि दुसऱ्या एका लॅबने त्याला फॅन्कोनी ॲनिमिया हा जन्मजात आजार असल्याचं सांगितलं होतं. बहिणीचं एचएलए, म्हणजे दाता ठरवताना जुळवतात त्या पेशींवरच्या खुणा, पूर्ण जुळलं होतं. बोन मॅरो ट्रान्सप्लांटवाल्या डॉक्टरांना दोघांची फॅन्कोनीची टेस्ट एकाच बॅचमध्ये करून हवी होती. शहाणा माणूस. भावंडाची गाठ बसली की आनंदाच्या भरात ही पायरी गाळणारेही मी पाहिलेत. एकाला हा आजार असला, तर सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते, आणि तो अंगठ्यावर लिहिलेला असतोच असं नाही.

"अंगठ्याचं म्हणाल तर ग्रहणात पोराच्या आईनं भाजी चिरली होती," बाप स्वतःहून म्हणाला. मग खाली बघून, "असं आमची म्हातारी म्हणते."

फॉर्म भरताना सरांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "मामाची मुलगी केली का?" नव्हती केली. नवरा परभणीचा, बायको सोलापूरकडची, दोन्ही घरांचा दूरवर संबंध नाही. सरांना ते खरं वाटलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. नात्यातल्या लग्नांत अशा आजारांची शक्यता वाढते हे खरं, पण एकाच जनुकात दोन घरांच्या दोन वेगळ्या चुका असू शकतात, हे आमच्याच क्षेत्रातल्या माणसांच्या पटकन लक्षात येत नाही. त्या वेळी मीही तो मुद्दा तिथेच सोडला. पुढे त्यावरच सगळं येऊन थांबणार होतं.

ही टेस्ट तशी क्रूर आहे. रक्तातल्या पेशी वाढीला लावायच्या आणि त्यांच्यात मायटोमायसिन सी घालायचं. हे जांभळट औषध कॅन्सरवर वापरतात. उजेडात बिघडतं म्हणून आमच्या फ्रीजमध्ये ते फॉइलच्या कपड्यांत राहतं. डीएनएचे दोन धागे म्हणजे चेन धरली, तर हे औषध चेनच्या दोन्ही बाजू मध्येच टाका घालून शिवून टाकतं. पेशीला दुप्पट व्हायचं असतं, चेन उघडायची असते, आणि ती त्या टाक्यापाशी अडते. निरोगी पेशीत वीसहून जास्त प्रथिनं मिळून तो टाका उसवतात, फट बुजवतात आणि पुढे जातात. यातलं एखादं जन्मतःच बाद असलं की फॅन्कोनी. टाका निघत नाही, गुणसूत्रं तुटतात, आणि तुटलेली टोकं भलत्याच गुणसूत्राला जाऊन चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली चार हातांची फुली दिसते. तिला आम्ही रेडियल म्हणतो. ती एकदा पाहिली की विसरत नाही. गीडो फॅन्कोनी या स्विस बालरोगतज्ज्ञाने 1927 मध्ये तीन भावांची हकिगत लिहिली तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला दिसली होती ती फिकट पडत गेलेली मुलं.

कल्चरचा, म्हणजे पेशी वाढवण्याचा, भाग गाळते. फक्त स्लाइडबद्दल सांगते, कारण तिथे मी कुणाचं ऐकत नाही. जुलै होता. पावसाळ्यात स्लाइड सावकाश वाळते, गुणसूत्रं नको इतकी पसरतात, एका पेशीतली शेजारणीत घुसतात. एप्रिलमध्ये उलटं, झटकन वाळून सगळी गोळा होऊन बसतात. पुस्तकात लिहिलेल्या उंचीवरून थेंब टाकणाऱ्या मुली दर वर्षी येतात आणि रडकुंडीला येतात. मी स्लाइड तिरकी धरते, थेंब टाकायच्या आधी तिच्यावर एकदा हलकेच फुंकते, टाकल्यावर काचेवर रंगांची जी झिलई उमटते ती सरकताना बघते, आणि ती नेमकी कुठे आली की स्लाइड गरम प्लेटवर ठेवायची हे हाताला कळतं. त्या दिवशी तेरा स्लाइड फेकून दिल्या. चौदावीपासून जमलं. ज्युनिअर म्हणाली, "मॅडम, चालल्या असत्या त्या." चालल्या नसत्या. तुटलेलं गुणसूत्र आणि नीट न पसरलेलं गुणसूत्र यांतला फरक ज्या स्लाइडवर सांगता येत नाही, तिच्यावर कुणाचं पोर मी मोजत नाही.

मोजणी आंधळी असते. स्लाइडच्या नावावर चिकटपट्टी लावून ज्युनिअरने एक ते सहा आकडे टाकले: भावाच्या दोन, बहिणीच्या दोन, आणि आमच्याच ऑफिसातल्या एका निरोगी माणसाच्या दोन, प्रत्येकाची एक औषधाविना, एक औषधासह. पाच स्लाइडनी काही त्रास दिला नाही. चार स्वच्छ, तर दोन नंबरच्या स्लाइडवर नुसता विध्वंस, पेशीमागे सरासरी सात-साडेसात ब्रेक, म्हणजे गुणसूत्रं तुटल्याच्या जागा. हा भाऊ.

पाच नंबरपाशी मी अडले. पहिल्या अकरा पेशी स्वच्छ होत्या. बारावीत तीन रेडियल आणि वर सुटे ब्रेक. मग पुन्हा आठ स्वच्छ. मग एक अशी, की गुणसूत्रं मोजता येईनात. पन्नास पेशी झाल्या तेव्हा हिशेब असा होता: अडतीस पेशींत काहीही नाही, तीन पेशींत एकेक किरकोळ ब्रेक, आणि नऊ पेशींत मिळून 63. बेरीज 66, सरासरी 1.32.

आमच्या लॅबची रेषा अशी आहे: एकच्या खाली निगेटिव्ह, तीनच्या वर पॉझिटिव्ह. रिपोर्टच्या नमुन्यात एकच चौकोन आहे, सरासरीचा. सरांनी त्यात 1.32 टाकलं आणि शेऱ्यात आमच्या धंद्यातलं आवडतं वाक्य लिहायला सांगितलं: "निष्कर्ष संदिग्ध, क्लिनिकली कोरिलेट करावे." म्हणजे आम्हाला कळलं नाही, तुमचं तुम्ही बघा. यात सरांचं वाईट मन नव्हतं. मुलाची ट्रान्सप्लांटची तारीख लागली होती, आणि मुलीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, उत्तम होता.

मी म्हटलं, सर, हे 1.32 कुठल्याच पेशीचं नाही. एका घरात सगळे उपाशी आणि शेजारच्या घरात जेवणावळ, आणि आपण लिहितोय की गल्लीत सरासरी अर्धी भाकरी. इथे दोन प्रकारच्या पेशी आहेत.

सर म्हणाले, "किंवा दोन माणसांच्या."

हे मात्र त्यांनी बरोबर पकडलं. भावाची आणि बहिणीची ट्यूब एकाच रॅकमध्ये, एकाच सकाळी. पिपेटचं टोक बदलायचं राहिलं असेल, भावाच्या रक्ताचे दोन थेंब बहिणीच्या कल्चरमध्ये गेले असतील, तर नेमकं हेच चित्र दिसणार. आणि त्या दिवशी कल्चर लावणारी मीच होते.

सतरा वर्षांत मी कधी स्वतःच्या चुकीसाठी नवस बोलले नव्हते. त्या रात्री बोलले. चूक असली तर मुलगी निरोगी, मुलाला दाता पक्का, आणि मला मेमो. मेमो चालला असता.

तपासायची वाट सरळ होती. मोडलेल्या पेशी भावाच्या असतील तर त्यांत वाय गुणसूत्र असणार. साध्या रंगात ते ओळखता येतं, पण ज्या पेशीत निम्मी गुणसूत्रं एकमेकांना चिकटली आहेत तिथे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. मग मी आणखी शंभर पेशी मोजल्या. आता दीडशेपैकी 29 मोडलेल्या. प्रत्येकीचा पत्ता, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या मंचावरच्या दोन्ही पट्ट्यांवरचे आकडे, वहीत लिहून घेतला. तेल पुसलं, रंग उतरवला आणि त्याच स्लाइडवर फिश लावलं, म्हणजे ठरावीक गुणसूत्राला चिकटून चमकणारे प्रोब. एक्सच्या कंबरेला चिकटणारा प्रोब हिरवा, वायचा नारिंगी. किटमध्ये शेवटचा एक डोस उरला होता, मुदत पुढच्या महिन्यात संपणारी. परवानगी विचारली असती तर खर्चाचं पत्र लिहावं लागलं असतं, म्हणून विचारली नाही.

रात्रभर प्रोब बसू दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी अंधाऱ्या खोलीत एकेक पत्ता काढत बसले. 29 पैकी पाच पेशी रंग उतरवताना निघून गेल्या होत्या. चोवीस सापडल्या. निळ्या गुणसूत्रांचा तोच तो कालवा, ओळखीच्या फुल्या, आणि प्रत्येकीत दोन हिरवे ठिपके. प्रत्येक वेळी मी फिल्टर बदलून नारिंगी शोधत होते. सोळाव्या पेशीत एक दिसला. पेशीच्या बाहेर, काचेवरचा कचरा. तरी मी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

चोवीसच्या चोवीस पेशी मुलीच्या होत्या. त्या आठवड्यात दुसरा फॅन्कोनीचा नमुनाच आला नव्हता, त्यामुळे तिसऱ्या कुणाचं रक्त मिसळल्याची शंकाही उरली नाही.

पुन्हा रक्त घ्यायला आणि त्वचेचा तुकडा घ्यायला मुलीला बोलावलं. मी पेशंट सहसा पाहत नाही, मला ट्यूब ओळखीच्या असतात. ही शाळेच्या गणवेशातच आली होती. बारा वर्षांची, पण उंची नऊच्या पोरीची. दोन्ही अंगठे जागच्या जागी. मानेवर केसांखाली चहाच्या रंगाचा, रुपयाएवढा डाग. ही जन्मखूण, बाप म्हणाला. तिने मला विचारलं, "माझं रक्त घेतल्यावर दादूला अंगठा येणार का?" मी नाही म्हटलं. "मग खेळायला तरी येईल ना?" यावर मी कापूस शोधायला वळले.

दुसऱ्या रक्तातही तेच चित्र. त्वचेच्या पेशी वाढायला चार आठवडे गेले, आणि त्यांत मात्र अडतीस स्वच्छ वगैरे काही नव्हतं. जवळजवळ प्रत्येक पेशी मोडलेली. मुलीला फॅन्कोनी होता. फक्त तिच्या रक्तात कधीतरी, कुठल्यातरी एका मूळ पेशीत, तो दुरुस्त झाला होता.

जनुक तपासणीत आजार फॅन्का जनुकात निघाला. बहुतेक फॅन्कोनी रुग्णांत याच जनुकात बिघाड असतो. वडिलांकडून आलेल्या प्रतीत चूक एका ठिकाणी, आईकडून आलेल्या प्रतीत दुसऱ्या ठिकाणी. मामाच्या मुलीच्या लग्नात बहुधा दोन्ही प्रतींत एकच चूक येते. इथे दोन वेगळ्या चुका असल्यामुळे, पेशी विभागताना दोन्ही प्रतींत मधल्या जागी देवाणघेवाण झाली, तर दोन्ही चुका एकीच्या वाट्याला जाऊन दुसरी अख्खी निरोगी होऊ शकते. हिच्यात असंच घडलं असावं. तुटलेले धागे जोडताना जी अदलाबदल होते तिच्यातूनच हे होतं. म्हणजे ज्या मोडतोडीने बाकीच्या पेशी मारल्या, तिनेच एकीला वाचवलं असेल. मग त्या एकीची पिल्लं इतरांपेक्षा जास्त जगली, वाढली, आणि तेवढ्यांवर या पोरीचा सीबीसी उभा आहे.

हे सगळं मी बापाला समजावलं. समजावणं माझं काम नाही, समुपदेशकाचं आहे, पण आमच्याकडे ती जागा भरलेली नाही. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे देवानं हिच्या एका पेशीत केलं, ते माणसाला पोराच्या पेशीत करता येईल का?"

चौदा पानांचा रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी विचारला नसता असा प्रश्न. मी सांगितलं, की नेमक्या याच विचारावर स्पेनमध्ये, माद्रिदच्या लोकांनी काम केलंय. विषाणूच्या पाठीवर निरोगी फॅन्का जनुक बसवून रुग्णाच्या स्वतःच्या मूळ पेशींत घालायचा, आणि दुरुस्त पेशी बाकीच्यांना मागे टाकतील यावर भिस्त ठेवायची. 2019 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णांचे निकाल छापले, दुरुस्त पेशी खरंच वाढत गेल्या होत्या. "पण ते आपल्याला उद्या मिळेल असं नाही," हेही सांगितलं. त्याने माद्रिद कसं लिहायचं ते विचारून घेतलं, बसच्या तिकिटाच्या मागे.

दाता म्हणून बहिणीचा विषय संपला. मुलासाठी आता वडिलांच्याच अर्ध्या जुळणीवर विचार चालू आहे. मुलीची दर काही महिन्यांनी तपासणी, जन्मभर. एका रुग्णाचा बाप म्हणून आला होता, दोन रुग्णांचा होऊन गेला. पेशी मी मोजल्या नसत्या तरी तो आजार होताच, हे मी स्वतःला सांगते.

रिपोर्टच्या नमुन्यात आता दुसरा चौकोन आला आहे: "किती पेशींत ब्रेक." त्यासाठी तीन मीटिंगा झाल्या.

मात्र मला झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणाने. मी जुनी रजिस्टरं काढली. अलीकडच्या वर्षांत पेशीगणिक आकडे लिहिलेले आहेत, पण सुरुवातीची काही वर्षं मी फक्त बेरीज लिहीत होते. कागद वाचवा म्हणून तेव्हाच्या मॅडमचा आग्रह होता. त्यात एक नोंद आहे. दाता तपासणी, भाऊ, वय 9. पेशी 50, ब्रेक 45, सरासरी 0.9. निगेटिव्ह. खाली माझी सही.

पंचेचाळीस पेशींत एकेक, की सहा पेशींत सात-आठ? वहीत नाही. स्लाइड ठेवण्याची मुदत संपल्यावर त्या मीच फेकल्या.

तेव्हाच्या डॉक्टरांचा नंबर काढला आहे. सरांना अजून सांगितलेलं नाही.