मांडी घालून बसायची खुर्ची कुठली घ्यावी?

मी घरी काम करताना खुर्चीतच मांडी घालून बसते, हे ज्यांना ठाऊक आहे ते हमखास विचारतात, "आम्हालाही तशी खुर्ची घ्यायची आहे, कुठली घेऊ?" बहुतेकांना एखाद्या मॉडेलचं नाव हवं असतं. ते मी सांगत नाही, कारण मला जमलेली खुर्ची माझ्याहून वीतभर उंच माणसाला अजिबात जमणार नाही. तुम्ही विचारलंत म्हणून मी काय काय बघते तेवढं सांगते.

पहिलं काम घरीच करायचं. भिंतीला पाठ लावून जमिनीवर मांडी घाला. पद्मासन वगैरे नको, एरवी बसता तशीच. दोन्ही गुडघ्यांना लागून एकेक जाड पुस्तक उभं करा, अलगद उठा आणि पुस्तकांमधलं अंतर टेपने मोजा. मोठ्या माणसाचं हे अंतर साधारण ६० ते ७५ सेंटीमीटर भरतं. ऑफिसच्या साध्या खुर्चीची बैठक असते ४५ ते ५० सेंटीमीटर रुंद, त्यात दोन्ही बाजूंना हात. तिच्यात मांडी घालता येते, पण अंग चोरून आणि गुडघे वर करून. भिंतीपासून पुढच्या नडगीपर्यंतचं अंतरही टिपून ठेवा, बैठक किती खोल हवी ते ठरवायला लागेल.

रुंदी सगळेच बघतात. ज्याकडे फारसं कुणी बघत नाही ते म्हणजे गुडघे खुब्यांच्या वर राहतात की खाली. खुबे आखडलेले असले (दिवसभर पाय सोडून बसणाऱ्या बहुतेकांचे असतातच) की मांडी घातल्यावर गुडघे हवेत तरंगतात. मग ओटीपोटाचं हाड मागे कलतं, कमरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो आणि पाठीला पोक येतो. पहिली दहा मिनिटं काही जाणवत नाही. नंतर कंबर कुरकुरायला लागते, आणि दोष मात्र मांडीला दिला जातो. बूड गुडघ्यांपेक्षा चार-पाच बोटं उंच ठेवलं की कणा आपोआप सरळ होतो, मुद्दाम ताठ बसावं लागत नाही. म्हणून खुर्चीत बसून बघताना एखाद्याला बाजूने तुमचा फोटो काढायला सांगा. आपला पोक आपल्याला दिसत नसतो.

याच कारणासाठी काही खुर्च्या दोन मजली केलेल्या असतात. वर बुडापुरती छोटी बैठक, तिच्या खाली पाय ठेवायला रुंद फळी. पाठीच्या दृष्टीने ही रचना चांगली आहे, यात वाद नाही. पण तिच्यावर चढणं-उतरणं हा एक उद्योग असतो, आणि बऱ्याच प्रकारांत पाठ टेकायला एकतर काही नसतं किंवा नावापुरतं असतं. दिवसातून तास-दोन तास बसणाऱ्याने ती जरूर घ्यावी. आठ तास बसणाऱ्याला मी तरी सुचवणार नाही. त्याच्यासाठी एकसंध, रुंद बैठकीची, बिनहाताची किंवा हात वर उचलता येणारी खुर्ची बरी. उंचीची कसर मागच्या भागात घडी घातलेली चादर ठेवून भरून काढता येते.

गादी मऊ नको. दुकानात मऊ गादीवर बसल्या बसल्या जीव सुखावतो, पण तिच्यात बूड खोल जातं आणि गुडघे पुन्हा वर येतात, म्हणजे सगळं मुसळ केरात. मूठ दाबून बघा. खालची फळी हाताला लागली तर ती गादी लवकरच बसणार. आणि मधोमध खोलगट, कडा उचललेली बैठक तर नकोच. पाय सोडून बसणाऱ्याला ती सामावून घेते, मांडी घालणाऱ्याच्या गुडघ्यांना मात्र बाहेरून सतत टोचत राहते.

मग कडा. बैठकीच्या कडेवरून बोट फिरवा. कव्हर जिथे दुमडून शिवलेलं असतं तिथे काही खुर्च्यांना दोरीसारखी जाड शिवण असते. मांडी घातल्यावर घोट्याचं हाड किंवा नडगी नेमकी त्या शिवणीवर येते. दुकानात पायांत मोजे असतात, पँट जाड असते, त्यामुळे कळत नाही. घरी अनवाणी बसलं की अर्ध्या तासात घोट्यावर लाल वळ दिसतो. बूट-मोजे काढून बघायची लाज वाटू देऊ नका.

खोलीचा गुंता थोडा वेगळा आहे. मांडीला खोल बैठक लागते, पण पाय खाली सोडले की तीच खोल बैठक गुडघ्यांच्या मागे रुतते, किंवा पाठ टेकणापासून लांब राहते. यावर दोन तोडगे असतात: टेकण पुढे-मागे सरकणारं घ्यायचं, नाहीतर बैठक अशी, की जिच्या दोन्ही बाजू गुडघ्यांसाठी पसरट आहेत आणि समोरचा मधला भाग आत घेतलेला आहे. दुसरा प्रकार मला जास्त आवडतो.

एवढं खोलात शिरायचं कारण असं, की मांडी घालायला खुर्ची किती सोयीची आहे यापेक्षा मांडी मोडायला किती सोयीची आहे, हे मी आधी बघते. बसायची कुठलीच पद्धत तासन्‌तास चांगली नसते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक नस हाडाला अगदी चिकटून जाते. तिच्यावर दाब राहिला की पाऊल बधिर होतं, मुंग्या येतात. तेवढं होईपर्यंत थांबायचंच नाही. एक पाय खाली सोडला, दुसरा दुमडलेला ठेवला, मग बाजू बदलली, मग दोन्ही पाय जमिनीवर, असं सगळं न उठता जमलं पाहिजे. ज्या खुर्चीत हे करताना दरवेळी हाताला धरून अंग उचलावं लागतं, तिच्यात माणूस आळसाने एकाच स्थितीत बसून राहतो. गुडघेदुखी असलेल्यांनी किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, त्यात माझं मत चालणार नाही.

चाकांचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पाय जमिनीवर असले की खुर्ची आपण नकळत रोखून धरलेली असते. मांडी घातली की तो ब्रेक गेला. लांबचा कप घ्यायला हात पुढे केला की खुर्ची मागे सरकते, टाइप करता करता हळूहळू टेबलापासून दूर जाते. चाकं लॉक होणारी हवीत, नाहीतर ती काढून खाली साध्या टोप्या बसवाव्यात. मागे झुकायची सोयही मांडी घातलेली असताना बंदच ठेवावी.

आणि टेबल! साधं टेबल ७२ ते ७५ सेंटीमीटर उंच असतं. हात नीट टेकावेत म्हणून खुर्ची वर घेतली की मांडीचे गुडघे टेबलाच्या खालच्या बाजूला आपटतात. खाली ड्रॉवर असेल तर विचारायलाच नको. पातळ फळीचं, ड्रॉवर नसलेलं टेबल असेल तरच हा संसार जमतो. नवी खुर्ची आणून टेबलापाशी अडलेले मी पाहिले आहेत, तेव्हा टेबलाखालची मोकळी उंचीही मोजून न्या.

"मग आत्ता आहे ती खुर्ची टाकून द्यायची का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. आधी तिचे हात काढून बघा. बऱ्याच खुर्च्यांचे हात बैठकीच्या खालून स्क्रूने बसवलेले असतात, ते काढले तरी खुर्चीला काही होत नाही. पण हात आणि टेकण एकाच सांगाड्यात असतील तर हात लावू नका. मागे घडीची चादर ठेवा आणि आठवडाभर बसा. गुडघे बाहेर लोंबत असतील, तरच नवीन बघायला जा.