मायचा अंगठा

भाऊबीजेचा दुसरा दिवस, रात्रीचे साडेनऊ

आज रेशनच्या दुकानात मायचा अंगठा चारदा ठेवला, मशीनने चारही वेळा नाकारला. मग तर्जनी, मग डावा हात. मागे रांग खोळंबलेली. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं आणि धान्य मिळालं. पऱ्हाटीच्या सुकल्या बोंडांनी तिची बोटं दरसाल अशीच सोलवटून निघतात. पहिली वेचणी अजून पुरती झालेली नाही.

संध्याकाळी लाइन गेली. माय ओसरीवर कापसाच्या ढिगातून कवडी, म्हणजे खराब कापूस, वेगळी काढत बसली होती. मी मोबाइलचा टॉर्च धरला तर म्हणाली, "राहू दे वं, हाताले समजते."

ज्या बोटांवर मशीनला रेघ सापडत नाही, त्यांना अंधारात कवडी बरोबर सापडते. हे डोक्यातून जाईना. मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते, पण त्वचेचा धडा दरवर्षी घाईतच उरकते. आज जुन्या नोट्स काढून बसले.

फ्रीडरिश मेर्केल या जर्मन शास्त्रज्ञाने 1875 मध्ये त्वचेतल्या एका खास प्रकारच्या पेशींचं वर्णन केलं आणि त्यांना स्पर्शपेशी म्हटलं. कडा, खडबडीतपणा, हलका दाब कळतो तो बराचसा यांच्यामुळे. पेशी दबली की तिच्या आवरणातलं पिएझो-2 नावाचं दार उघडतं आणि संदेश मज्जातंतूकडे जातो. हे दार शोधणाऱ्या आर्डेम पाटापूटियन यांना 2021 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. या पेशी मज्जासंस्थेकडून त्वचेत येतात की त्वचेतच घडतात, हा वाद बरीच वर्षं चालला. 2009 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांनी तो मिटवला: त्वचेच्याच पेशींपासून घडतात. म्हणजे त्या घरच्याच, पाहुण्या नव्हेत.

धाकटी बहीण दिवाळीला आली आहे, सहावा महिना लागलाय. पाय उशीवर टाकून ऐकत होती. तिला सांगितलं की गर्भाच्या तळहातावर या पेशी दुसरा महिना सरता सरताच दिसू लागतात. तिसऱ्या महिन्यात बोटांच्या त्वचेला आतल्या बाजूने घड्या पडू लागतात, त्याच पुढे ठशाच्या रेषा होतात, आणि स्पर्शपेशी त्या घड्यांच्या तळाशी बसतात. पाचव्या महिन्यापर्यंत ठशाची नक्षी कायम होते.

"म्हंजे याचा अंगठा तयार?"

"तयार."

माय कापसातूनच बोलली, "मंग पुढच्या खेपेले त्याचाच लावा."

मायच्या अंगठ्याचं कोडं मला तिथेच सुटलं. झिजते ती वरची कातडी. नक्षीचं मूळ आणि स्पर्शपेशी दोन्ही त्या थराच्या तळाशी, बोंडाचं टोक सहसा पोचत नाही तिथे. (वयाबरोबर स्पर्श थोडा बोथट होतो हे खरं, पण मायसमोर बोलायची माझी हिंमत नाही.) वरचा थर महिनाभरात नवा येतो. हाताला तेवढी विश्रांती मिळाली तर रेषा पुन्हा उमटतील.

मायला हेही सांगितलं. ती म्हणाली, महिनाभर कापूस कोण वेचते, तू?

रेशन पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. दुसरी वेचणी तेव्हाच येते.