माझ्याकडं डबल आहे

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. बायकोनं पलंगाखालून तीन खोकी ओढून काढली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्या दगडांचं काय करायचं ते आज सांगा. न्हाईतर मी ठरवतो." (कोल्हापूरची बाई 'मी ठरवतो' असंच म्हणते. बाहेरगावच्या वाचकांनी छपाईची चूक समजू नये.)

ते दगड नव्हेत, फॉसिल म्हणजे जीवाश्म आहेत, हे मी लग्नानंतर निदान शंभरदा सांगितलं असेल. पण त्या दिवशी बोललो नाही, कारण खोकी उघडल्यावर मलाही जरा ओशाळल्यासारखं झालं. एकाच जातीचे शिंपले, एकाच रंगाचे, एकाच मापाचे, एकूण सव्वीस. संग्रह म्हणावा तर सव्वीस कशाला, आणि साठा म्हणावा तर मी काय दुकान काढणार आहे?

एवढे आले कुठनं, तर त्यात माझ्या नोकरीचा दोष आहे. शिरोलीच्या एका फौंड्रीत मी तीस वर्षं काढली. आम्ही क्रशरचे हॅमर ओतायचो, मँगनीज स्टीलचे. चुनखडीचे धोंडे फोडायला ते सिमेंट कारखान्यांना लागतात, आणि माल नीट चालतोय का ते बघायला मला तमिळनाडूत अरियालूरला जावं लागायचं. अरियालूर म्हणजे त्रिचीच्या पलीकडचा सिमेंटचा पट्टा. आपला हॅमर किती टन फोडून झिजला एवढंच मी वहीत लिहायचो. तो फोडत काय होता हे बघितलं चौथ्या-पाचव्या फेरीला. खाणीच्या भिंतीत शिंपल्यांचे थरच्या थर होते. ग्रिफिया नावाचा कालव, पाठीला फुगीर, टोकाला आत वळलेला, वजनाला दणकट. इंग्लंडात याच्या भाऊबंदांना 'सैतानाच्या पायाचं नख' म्हणतात. समुद्राच्या तळाशी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांवर बसून मेलेले ते कालव आमच्या हॅमरखाली पीठ होऊन भट्टीत चालले होते. साहेबाला विचारलं, एक घेऊ का? तो म्हणाला, पोतंभर घ्या, नाहीतरी जळायचेच आहेत. पुढं प्रत्येक फेरीला बॅगेत दोन-तीन आले. फोडायची हत्यारं विकून पोट भरलेल्या माणसानं तेवढं तरी करावं, असं मी मनाशी म्हणायचो. खरं कारण फुकट मिळत होते हे.

कोल्हापुरात राहून फॉसिल जमवणं म्हणजे राजस्थानात होड्या जमवण्यातला प्रकार आहे. आपल्या पायाखाली आहे काळा पाषाण, म्हणजे थंड झालेला लाव्हा. उकळत्या लाव्ह्यात शिंपला टिकत नाही. समुद्राशी आमचा संबंध म्हणजे ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पोसायडनचा छोटा ब्राँझचा पुतळा, टाऊन हॉलच्या म्युझियममधला. समुद्राचा देव आला, समुद्र काही आला नाही. मात्र एक गंमत मला अजून पुरत नाही. दख्खनचा लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. अरियालूरचे हे कालव सात कोटींच्या आसपासचे. म्हणजे पलंगाखालचा शिंपला जोतिबाच्या डोंगरापेक्षा वयानं मोठा आहे. वडीलधाऱ्यांना पलंगाखाली ठेवू नये, हे बायकोचं म्हणणं या हिशोबानं बरोबरच होतं.

तर वाटून टाकायचं ठरलं. खालच्या मजल्यावर पाचवीतली एक पोरगी आहे. कंपासपेटीत कंपास सोडून बाकी सगळं ठेवते: गारगोट्या, काचेचे तुकडे, एक बेअरिंगची गोळी. घेणारी सापडली म्हणून मी खूश झालो आणि लगेच कोल्हापुरी व्यापाऱ्यासारखा हिशोब केला. सव्वीसांतला सगळ्यात रडका निवडला, कड तुटलेला, एका बाजूला सिमेंटसारखी चुनखडी चिकटलेली. लहान मूल आहे, तिला काय कळतंय.

तिनं तो उजेडात धरला, उलटा केला, बोटानं कड चाचपली. "काका, हा फुटकाय की."

"सात कोटी वर्षांचा आहे गं."

"पण फुटकाय."

याला उत्तर नव्हतं. वर येऊन चांगला घेऊन जावा म्हणून खोकं उघडलं आणि तिथं खरी पंचाईत झाली. सव्वीस आहेत म्हणजे पंचवीस जास्तीचे, असं वाटत होतं. एकेक हातात घेतला तर ह्याच्या पाठीवरच्या वाढीच्या रेघा मोजता येतात, त्याच्यावर दुसरा बारका कालव चिकटून वाढलाय, ह्याला किड्यानं पाडलेली भोकं आहेत, आणि तो तर पावसात भिजत उचललेला, बस चुकली होती त्या दिवशी. अर्ध्या तासानं जास्तीचे म्हणून बाजूला काढलेले मोजले तर दोन. त्यातला एक पुन्हा मीच परत ठेवला.

लखनौच्या बिरबल साहनींची आठवण अशा वेळी येते आणि लाज वाटते. वनस्पतींच्या जीवाश्मांचा एवढा मोठा अभ्यासक. 1946 साली लखनौत या अभ्यासाची संस्था काढली, तिच्यासाठी त्यांनी आणि पत्नी सावित्रीबाईंनी स्वतःचे पैसे, पुस्तकं आणि जमवलेले जीवाश्मसुद्धा देऊन टाकले. संस्थेच्या इमारतीचा कोनशिलेचा दगडही त्यांनी ठिकठिकाणचे जीवाश्म बसवून करवला होता. 3 एप्रिल 1949 ला नेहरूंच्या हस्ते तो बसला आणि आठवड्याभरात साहनी गेले. त्यांनी जीवाश्म सिमेंटात बसवले. माझ्या हॅमरांनी जीवाश्मांचं सिमेंट केलं, आणि त्यातून वाचलेल्या सव्वीसांतला एक देताना माझा हात आखडत होता.

शेवटी डोळे मिटून एक अखंड, देखणा काढला आणि खाली गेलो. पोरगीनं तो घेतला, खूश झाली, आणि विचारलं, "कुठला हा?"

हा प्रश्न मला फार लागतो. माझा पहिला फॉसिल मला असाच मिळाला होता. शेजारी कॉलेजात शिकवणारे एक सर राहायचे. मी मॅट्रिकला होतो. त्यांनी एक अमोनाइट दिला, म्हणजे कधीच नामशेष झालेल्या एका समुद्री जिवाचं वळलेलं कवच, पाच रुपयांच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, पिवळट, शेवयांच्या वेटोळ्यासारखा. कुठला ते सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. लिहिलं नाही. सर आता नाहीत. कच्छचा असेल तर ज्युरासिक काळातला, अरियालूरचा असेल तर त्याहून कितीतरी कोटी वर्षं अलीकडचा. जाणकारांना दाखवला तर त्यांनी दगड बघायच्या आधी विचारलं, चिठ्ठी कुठाय? चिठ्ठी नसलेला फॉसिल म्हणजे यात्रेत हरवलेलं पोर. दिसायला गोड, पण नाव-गाव कोण सांगणार?

घरातल्या माझ्या एवढ्या पसाऱ्यात चिठ्ठीचा नियम कसोशीनं पाळलेला एकच अमोनाइट होता आणि तो मी जमवलेलाच नव्हता. देव्हाऱ्यातला शाळिग्राम. काळा, गुळगुळीत, फुटलेल्या बाजूनं चक्र दिसणारा. आईला विचारा, आजीला विचारा, उत्तर एकच: गंडकीचा. नेपाळच्या त्या नदीतून वाहत आलेला, हिमालय उभा राहायच्या आधीच्या समुद्रातला जीव, तुळशीच्या लग्नात नवरदेव होऊन बसतो. चार पिढ्यांत त्याचं गाव कुणी विसरलं नाही. आणि आजी म्हणायची, शाळिग्रामाची किंमत करू नये. तो विकत आणायचा नसतो, कुणीतरी द्यायचा असतो. मी हे इतकी वर्षं भाबडेपणात जमा केलं होतं. आता वाटतं, संग्रहाचे दोन्ही कायदे तिला पाठ होते.

म्हणून पोरगीला सांगितलं, थांब. वर जाऊन वहीचा कागद फाडला आणि लिहिलं: ग्रिफिया. अरियालूर, तमिळनाडू, चुनखडीची खाण. खाणीच्या साहेबाला विचारून घेतला, 1998. हे विचारून घेतल्याचं मुद्दाम लिहितो. गडचिरोलीतल्या वडधमसारख्या जीवाश्मांसाठी राखीव जागी पडलेला तुकडा कितीही सुंदर असला तरी तो तिथंच असायचा आहे. तसला कुणी आणून दिला तर मी घेत नाही, मग पुढं द्यायचा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगी रडवेली होऊन आली. आजीनं शिंपला लिंबू-मिठानं घासला होता, तांब्या-पितळेबरोबर, दिवाळीचा. चुनखडीला लिंबू म्हणजे विष. बारीक फेस येतो आणि वरची नक्षी खातो. पाठ पांढुरकी पडली होती, रेघा बुजल्या होत्या. आजीबाई वरती ऐकू येईल अशा आवाजात म्हणत होत्या, "आता कसा लख्ख झालाय!" मी दुसरा दिला. ह्या वेळी चिठ्ठीच्या मागं लिहिलं: फक्त पाणी आणि जुना टूथब्रश. दोन दिवसांत दोन गेले आणि मला काही झालं नाही, हे बायकोनं बोलून दाखवलं.

मग चटकच लागली. पोरगीनं गल्लीतली आणखी चार पोरं आणली. एकानं विचारलं, डायनासोर आहे काय? नाही. तो गेला. बाकीच्यांना मी गोगलगायी दाखवल्या. नागपूरच्या एका संग्राहक मित्राला मी दोन ग्रिफिया आणि एक किलो कांदा-लसूण चटणी पाठवली होती, बदल्यात त्यानं चकमकीसारख्या दगडातल्या फायसा गोगलगायी धाडल्या. (चटणीमुळं सौदा माझ्या बाजूनं झुकला, असं त्याचं पत्र आहे.) लाव्ह्याचा एक थर आला, थंड झाला. दुसरा यायला बराच काळ गेला. तेवढ्यात वर तळी साचली, गवत उगवलं, तळ्यात गोगलगायी नांदल्या. मग पुन्हा लाव्हा. दोन थरांच्या मधे त्या दबून राहिल्या. पोरांना सांगितलं, दोन लाव्हांच्या मधल्या सुट्टीतल्या गोगलगायी ह्या.

"मग आपल्या कोल्हापूरला मधली सुट्टी नव्हती काय?" एक जण म्हणाला.

प्रश्न बिनतोड होता. इकडं पश्चिमेला दोन थरांमधे बहुतेक तांबड्या मातीचा पट्टा तेवढा सापडतो, घाटरस्त्याच्या कापलेल्या कडेला दिसतो तो. सुट्टी झाली, डबा कुणी खाल्ला नाही, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. त्याला ते पटलं नाही. मलाही फारसं पटलं नव्हतं.

डिसेंबरात पोरगी एक दगड घेऊन आली. तांबडा, हलका, भोकाभोकांचा. "किड्यांची घरं आहेत यात. तुम्हाला आणला." सोबत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी: 'पन्हाळ्याचा घाट. गाडी पंक्चर झाली तिथं. डाव्या बाजूला, गटारीच्या वर. रविवार, सकाळी साडेनऊ. बाबा चाक बदलत होते.'

मी चष्मा पुसला. जांभा होता तो, चक्क जांभा. पाण्यानं झिरपून झिरपून दगडातलं बाकीचं धुऊन नेलं की लोह मागं राहतं आणि अशी भोकं पडतात. किडा नाही, घर नाही, काही नाही. खोटं सांगावं असं फार वाटलं. पण इतक्या चिठ्ठ्या लिहून झाल्यावर ते जमेना. सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. जरा विचार केला.

"असू दे. ठेवा तुम्ही," ती म्हणाली. "माझ्याकडं डबल आहे."

जांभा चिठ्ठीसकट पलंगाखाली गेला. बायकोनं अजून पाहिलेला नाही.