पक्षीनिरीक्षणासाठी छोटी दुर्बीण: मी ८×३२ का घेतली

सिंहगडच्या दरीत स्वर्गीय नर्तक दिसतो तो भल्या सकाळी, दाट सावलीत. पुण्याजवळच्या कवडीपाटला तुतारी हा छोटा पाणपक्षी ओळखायचा तो चकाकणाऱ्या पाण्यावर. दोन्हीकडे चालेल, गळ्यात तासन् तास जड होणार नाही आणि २० हजारांच्या आत बसेल अशी दुर्बीण मला हवी होती.

आधी आकार ठरवला. खिशात मावणारी ८×२५ (म्हणजे ८ पट वर्धन, पुढचं भिंग २५ मिमी व्यासाचं) मोहात पाडते. पण पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनानं भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते. ८×२५ मध्ये ती जेमतेम ३.१ मिमी, ८×३२ मध्ये ४, ८×४२ मध्ये सव्वापाच. पहाटे आपली बाहुली मोठी झालेली असते, तिला ३ मिमी पुरत नाही आणि चित्र काळवंडतं. झोत बारीक असल्यानं डोळा जरा हलला तरी कडेनं काळी सावली शिरते, हा त्रास तर भर दुपारीही होतो. ८×४२ उत्तमच, पण ती साधारण ६५० ग्रॅम भरते. ८×३२ पाचशेच्या आसपास. १०× मी विचारातच घेतली नाही: हाताची थरथर जास्त जाणवते, दृश्यक्षेत्र आक्रसतं आणि झुडपातला वटवट्या सापडेपर्यंत पसार होतो.

सरळ नळ्यांच्या, म्हणजे रूफ प्रिझमच्या दुर्बिणीत फेज कोटिंग (प्रिझमवरचा खास लेप) आहे का, हे विचारून घेतलं. या प्रिझममध्ये प्रकाश दोन भागांत वाटला जाऊन पुन्हा एकत्र येतो. कोटिंग नसेल तर पिसांवरच्या बारीक रेषा पुसट होतात.

दुकानात ट्यूबलाइटखाली सगळ्याच दुर्बिणी छान दिसतात, म्हणून संध्याकाळी गेले आणि दारात उभं राहून समोरच्या झाडाच्या सावलीत पाहिलं. मग आकाशावर उठून दिसणारी विजेची तार: तिच्या कडेला जांभळी झालर जितकी कमी तितकं बरं. दुर्बीण डोळ्यांपासून वीतभर लांब धरून समोरच्या गच्चीचा कठडा दोन्ही नळ्यांत एकाच उंचीवर येतो का, हेही बघितलं. हे सगळ्यात महत्त्वाचं. किंचित फरक डोळे सांभाळून घेतात, म्हणून दुकानात कळत नाही. तासाभरानं डोकं दुखायला लागतं. पुढच्या भिंगात दिव्याची प्रतिबिंबं हिरवट-जांभळी आणि मंद हवीत. एखादं पांढरंशुभ्र दिसलं, तर तो पृष्ठभाग कोटिंगविना राहिलाय.

चष्मेवाल्यांनी आय रिलीफ, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगापासून (आयपीसपासून) जितक्या अंतरावरून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिमीच्या खाली घेऊच नये. कागदावरच्या आकड्यावर न थांबता आयकप (आयपीसभोवतीची रबरी कड) पूर्ण आत करून स्वतःच्या चष्म्यावरून पाहावं; वर्तुळाची कड चहूबाजूंनी दिसली पाहिजे.

घरी आल्यावर डायऑप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक भरून काढणारी कडी, लावला. उजवं भिंग हातानं झाकायचं (डोळा मिटायचा नाही, स्नायू ताणले जातात), मधल्या चाकानं दूरची पाटी डाव्या डोळ्याला स्पष्ट करायची. मग डावं झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या आयपीसची कडी फिरवायची. खूण कुठे आली ते लिहून ठेवलंय, कारण पिशवीत घासून ती कडी सरकते.

पावसाळ्यात दुर्बीण तिच्या पाऊचमध्ये ठेवत नाही. आतून नायट्रोजन भरलेला असला तरी बाहेरच्या काचेवर बुरशी धरतेच. कोरडी पुसून, सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.