धमनीच्या भिंतीत अडकलेल्या पांढऱ्या पेशी

नळात गाळ साचावा तशी धमनीत चरबी साचते, ही उपमा मी अनेक वर्षे खरी मानत आलो. वडिलांची अँजिओग्राफी झाल्यानंतर वाचायला बसलो, तेव्हा ती किती अपुरी आहे हे कळले. हा थर नळाच्या पोकळीत नव्हे, तर भिंतीच्या आत, अस्तराखाली वाढतो आणि त्याचा मोठा भाग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो.

सुरुवात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या, कोलेस्टेरॉलच्या कणांपासून होते. ते अस्तराखाली अडकून ऑक्सिडीकृत झाले, म्हणजे ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन बिघडले, की अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू आणतात. रक्तातून वाहणाऱ्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांना धरून थांबतात, भिंतीत शिरतात आणि तेथे त्यांचे मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, बनतात. खरी गुंतागुंत येथून पुढे आहे. शरीरातील बहुतेक पेशी पुरेसे कोलेस्टेरॉल मिळाले की ते आत घेणारी द्वारे कमी करतात. मॅक्रोफेज मात्र हे बिघडलेले कण पृष्ठभागावरच्या ज्या ग्राहींद्वारे (कण पकडणाऱ्या रेणूंद्वारे) गिळतात, त्यांना असा लगाम नसतो. त्यामुळे त्या गिळतच राहतात, मेदाच्या थेंबांनी फुगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसतात, म्हणून त्यांना फेनपेशी म्हणतात. साफसफाईला आलेली पेशी स्वतःच साठा होऊन बसते, हे वाचून मी खरोखर हेलावलो.

या पेशी मेल्यावर त्यांचे अवशेष उचलायला इतर मॅक्रोफेज कमी पडतात आणि थराच्या मध्यभागी मृत, मेदाळ गाभा तयार होतो. त्यावरचे तंतुमय आवरण मॅक्रोफेजनी सोडलेल्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) झिजते. ते फाटले की रक्त गाभ्याला भिडते आणि काही मिनिटांत गुठळी धरू शकते. हृदयविकाराचे अनेक झटके असे येतात, आणि त्याआधी धमनी फारशी अरुंद झालेली असतेच असे नाही.

जर्मन वैद्यकतज्ज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १९व्या शतकातच धमनीच्या या विकाराला दाह, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी दिलेली सुजेची प्रतिक्रिया, म्हटले होते. पुरावा २०१७ मध्ये आला: पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,००० हून अधिक रुग्णांवरील चाचणीत कॅनाकिनुमॅब या दाहशामक औषधाच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने, एलडीएल कमी न करताही, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटवले. मात्र औषध घेणाऱ्यांमध्ये जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग वाढले, कारण धमनीत दाह पेटवणारी यंत्रणाच जंतूंशीही लढत असते.